फेटे भगवे करा म्हणाले...

परवा दुकानात एकजण आला आणि म्हणाला, "पेंटर, तुम्ही त्या प्रदर्शनात इंग्रजांचे शिपाई मांडले होते म्हणे!" त्याने प्रदर्शन पाहिलं नव्हतं. व्हॉट्सॲपवर फोटो पाहिला होता. फोटोत तांबडे डगले दिसत होते, म्हणजे इंग्रज. त्याला समजावून सांगायला अर्धा तास गेला. हीच गोष्ट आणखी दहा जणांना सांगावी लागणार, त्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. मी जालन्यात बोर्ड रंगवतो. म्हणजे रंगवायचो. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, सगळं केलं. सगळ्या पक्षांचं केलं. मग फ्लेक्स आला. फ्लेक्सवाल्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यालाही पोट आहे. पण तीस वर्षं ब्रश धरलेला हात रिकामा बसला की रात्री झोप येत नाही हो. त्या रिकामपणात मला हा नाद लागला.

नाद म्हणजे इंचभर उंचीचे प्लास्टिकचे शिपाई घ्यायचे, त्यांची तोडफोड करून आपल्याला हवे तसे बनवायचे, रंगवायचे, आणि टेबलावर खरी होऊन गेलेली लढाई मांडून फाशांवर खेळायची. विलायतेत ह्याला वॉरगेमिंग म्हणतात आणि तिकडे पिकल्या केसांचे लोकसुद्धा हे करतात. खेळ नवा नाही. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्स नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून लढाई शिकवायची पद्धत आणली. पुढे एच. जी. वेल्स, तोच तो कादंबऱ्या लिहिणारा, त्याने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकात छापले. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटं युद्ध किती बरं, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं, ते सोडा.

मला हे कळलं भाच्यामुळे. तो नोकरीला इंग्लंडात आहे. तिकडे तो शनिवारी एका क्लबात खेळायला जातो. एकदा सुट्टीला आला तेव्हा माझ्यासाठी एक खोकं घेऊन आला. "मामा, तुमचा हात बघून आणलंय," म्हणाला. उघडलं तर आत राखाडी प्लास्टिकचे पन्नास-एक शिपाई. नेपोलियनच्या काळातले, डोक्यावर उंच नळकांड्यासारख्या टोप्या.

मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? दिवाळीचा किल्ला. लहानपणी दिवाळीला पुण्याला मावशीकडे जायचो. अंगणात दगड, माती, गोणपाट घेऊन किल्ला करायचा, त्यावर हळीव पेरायचे, वर महाराज बसवायचे आणि पायऱ्या-बुरुजांवर मातीचे मावळे. ते मावळे एकाच साच्यातले. तोंड गुलाबी, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, अंगरखा मिळेल त्या रंगाचा. आम्हाला काही फरक पडत नव्हता. आपला मावळा तो आपला मावळा, बस्स.

भाच्याचं खोकं हातात घेऊन मी म्हणलं, ह्यांचे मावळे करू. आणि तिथेच फसलो. कारण साच्यातला मावळा कसाही चालतो, पण स्वतः करायला बसलं की प्रश्न सुरू होतात. पागोटं कसं? पायात काय? बंदूक की भाला? डगला कुठल्या रंगाचा? ब्रश रंगात बुडवायच्या आधी उत्तर लागतं. 'साधारण असाच असेल' असं म्हणून ब्रश चालत नाही. तुम्ही लिहिताना 'शूर सैनिक' असं लिहून मोकळे होता. मला त्या शूर सैनिकाची विजार कुठल्या रंगाची ते ठरवावं लागतं.

म्हणून ठरवलं, एकच लढाई घ्यायची आणि नीट करायची. आणि लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यात, भोकरदन-जाफराबादच्या भागात, केळना आणि जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची फौज, सेनापती आर्थर वेलस्ली, वय ३४, हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले. एवढी मोठी लढाई आपल्या शिवारात झाली, आणि आपल्या पोरांना वॉटर्लू माहीत आहे, असई माहीत नाही.

आता हिशोब. एक बाहुला म्हणजे पन्नास माणसं असं प्रमाण धरलं. कंपनीचे प्रत्यक्ष लढलेले साधारण ४,५०० म्हणजे ९० बाहुले. शिंद्यांच्या कवायती पलटणी साधारण १०,८०० म्हणजे २१६. शिवाय शंभरच्या आसपास तोफा, त्यांच्यासाठी दहा तोफा आणि प्रत्येकीपाशी चार गोलंदाज. शिंदे-भोसल्यांचे घोडेस्वार तीस हजारांहून जास्त, ते ह्या प्रमाणात करायचे तर मला पुढचा जन्म लागला असता. तिथे प्रमाण बदललं आणि साठ स्वारांवर भागवलं. सगळं मिळून अडीच वर्षं गेली. रोज रात्री जेवण झालं की दीड-दोन तास.

काम कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण पुष्कळ जण विचारतात. फ्रेंच शिपायाची उंच टोपी ब्लेडने कापायची. पाठीवरची पिशवी तासून काढायची. गुडघ्याखालच्या विजारीच्या चुण्या खरवडून गुळगुळीत करायच्या, कारण आपल्याकडच्या शिपायाच्या अंगात आखूड चड्डी आणि पाय उघडे. मग डोक्यावर पागोटं. विलायतेत त्यासाठी एक महागडी हिरवी पुट्टी मिळते. मी एम-सील वापरलं, तेच नळाला लावायचं. दोन्ही गोळ्या मळायच्या, शेवयीसारखी बारीक वळी करायची, डोक्याभोवती गुंडाळायची आणि ओल्या सुईने पीळ काढायचे. पंधरा-वीस मिनिटांत हात आवरावा लागतो, नाहीतर घट्ट होतं. आमच्या हिने एकदा विचारलं, "एवढ्या रात्री कोणाला फेटा बांधायलात?" म्हणलं, शिंद्यांच्या पलटणीला.

मग प्राइमर, मग रंग. आणि इथे एक गंमत झाली. भाच्याने रंगांचा जो संच आणला होता त्यात एका बाटलीवर 'कातडी' अशा अर्थाचं नाव होतं. झाकण काढलं तर आत गुलाबी रंग! कातडी म्हणजे गुलाबी, असं ज्याने बाटली भरली त्याने गृहीतच धरलेलं. माझ्या टेबलावर दोन्ही बाजू मिळून तीनशेच्या वर पायदळ, त्यातले गोरे मोजले तर पन्नाससुद्धा नाहीत. ती बाटली अजून अर्धी पडून आहे. बाकीच्यांसाठी मी तपकिरीत पिवळी माती आणि लाल कालवून तीन-चार छटा केल्या. उन्हात फिरणाऱ्या माणसाचं नाक आणि गालाचं हाड थोडं उजळ, मानेखाली गडद. मावशीकडच्या मावळ्याचं तोंड गुलाबी का होतं हा प्रश्न मला पन्नाशी उलटल्यावर पडला.

आता मुद्द्याचं. कोण कुणाकडून लढलं हे वाचायला लागलो आणि डोकं गरगरलं.

शिंद्यांचं कवायती पायदळ महादजींच्या काळात द बॉइन नावाच्या सॅव्हॉयच्या अधिकाऱ्याने उभं केलेलं. त्यातले शिपाई मराठी नव्हते, बहुतेक अवध, रोहिलखंड, गंगा-यमुनेच्या दुआबातले. असईला त्यांचा प्रमुख पोलमन, हॅनोव्हरचा जर्मन. सोबत सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी. तोफा उत्तरेत, आग्र्याकडच्या कारखान्यांतून ओतलेल्या. आणि कंपनीकडे? गोऱ्यांच्या पायदळ पलटणी दोन, त्याही स्कॉटलंडच्या, आणि घोडदळाचं एक रेजिमेंट. बाकीचं पायदळ मद्रासचं, म्हणजे तमिळ, तेलुगू मुलखातले हिंदू-मुसलमान शिपाई. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार मिळून सुमारे ५,०००.

हो, पेशव्यांचे. आदल्याच वर्षी, ३१ डिसेंबर १८०२ ला, दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून कंपनीचा आसरा घेतला होता. म्हणजे असईला मराठी स्वार दोन्हीकडे होते. केळनेच्या ह्या काठाला मराठी घोडा आणि त्या काठालाही मराठी घोडा.

आणि डगले. शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या वर्णनात तांबडे डगले आणि निळी पागोटी येतात. मद्रासच्या शिपायाचाही डगला तांबडा आणि मुंडासं निळं. दोन्हीकडे तांबडं, दोन्हीकडे निळं, दोन्हीकडे सावळे चेहरे. टेबलावर मांडल्यावर मलाच ओळखू येईना. शेवटी बाहुल्याखालच्या चकतीची कड शिंद्यांची काळी आणि कंपनीची तपकिरी केली. माझ्या अडीच वर्षांच्या मेहनतीत हे दोन शत्रू वेगळे दिसतात ते फक्त त्या कडेवरून.

तर दिवाळीच्या सुट्टीत इथल्या एका मंडळाने किल्ले आणि इतिहासाचं प्रदर्शन ठरवलं. मंडळाचा जो पोरगा सगळं बघत होता, तो चांगला आहे हे आधीच सांगतो. पदरचे पैसे घालून धडपड करतो. दुकानात आला, टेबल बघितलं, खूश झाला. "काका, हे आपल्याला पाहिजेच." मग वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्यात आपले कोणते?"

मी काळी कड दाखवली.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "काका, आपले इंग्रजांच्या कपड्यात कसे दाखवायचे? लोक काय म्हणतील? कोणी फोटो काढून टाकला तर निस्तरत बसावं लागेल. एक काम करा ना. आपल्यांचे फेटे तेवढे भगवे करा. डगला पांढरा केला तर अजून चांगलं. लहान पोरांना पण लगेच कळंल."

आता खरं सांगतो, मला त्याचं पटलं होतं. पोरांना कळलं पाहिजे ह्यात चूक काय? आणि भगवा रंग मला नवा आहे का? किती भिंती, किती कमानी, किती झेंडे रंगवलेत. पिवळ्यात किती लाल टाकला की कुठला भगवा होतो ते डोळे मिटून सांगीन. शिवाय टेबल नाही गेलं तर अडीच वर्षांचं काम बघणार कोण? मी आणि आमची ही. म्हणलं, करतो.

त्या रात्री बसलो. पहिला हाताला लागला तो एक गोलंदाज. शून्य नंबरचा ब्रश घेतला, फेटा भगवा केला. छान दिसला. दुसरा उचलला. आणि हात थांबला.

थांबला त्याचं कारण, हा गोलंदाज कोण आहे ते मला तोवर माहीत झालं होतं. असईला शिंद्यांकडे शौर्य कमी पडलं नाही. वेलस्लीने समोरासमोर वसलेली दोन गावं पाहून मधे उतार असणारच असा अंदाज बांधला आणि केळना ओलांडून बाजूने आला, तेव्हा पोलमनने अख्खी फळी वळवून त्याच्यासमोर उभी केली. गोळागोळी चालू असताना हजारो माणसं काटकोनात फिरवणं म्हणजे काय कवायत असेल विचार करा. मग तोफांनी कंपनीची चाळण केली. असईच्या अगदी जवळ गेलेली ७४ वी हायलँडर पलटण जवळजवळ संपली. कंपनीचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४, म्हणजे तिघांतला एक. वेलस्लीने आयुष्यभर ही लढाई विसरली नाही.

आणि गोलंदाज? पायदळ मागे हटलं तरी ते तोफा सोडून पळाले नाहीत. संगिनीने भोसकले जाईपर्यंत तोफेपाशी उभे राहिले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, कंपनीची फळी पुढे गेल्यावर उठले आणि त्याच तोफा फिरवून तिच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीला माघारी वळून त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या.

हरलो ते दुसऱ्याच कारणांनी. कंपनीने आधीच शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना फोडलं होतं, पलटणी अधिकाऱ्यांवाचून राहिल्या. आणि तीस हजार घोडेस्वार, ज्यांच्या टापांखाली वेलस्ली चिरडला गेला असता, ते बहुतेक नुसते बघत राहिले, मग निघून गेले. आम्ही ही लढाई टेबलावर पाच वेळा खेळलो. भाचा व्हिडिओ कॉलवर तिकडून चाल सांगतो, मी इकडे बाहुले हलवतो. घोडदळाला हल्ल्याचा हुकूम दिला की कंपनी हरते. पाचपैकी तीनदा दिला, तिन्हीदा हरली. खेळाचा एक फायदा हा, की दोष नेमका कुठे होता ते बोट ठेवून दाखवता येतं. आणि तो गोलंदाजाच्या अंगावर येत नाही.

मग हा माणूस, जो बहुधा अवध-दुआबकडून आला, शिंद्यांचं मीठ खाल्लं, आपल्या जालना जिल्ह्यातल्या काळ्या मातीत तोफेला टेकून मेला, त्याचा फेटा मी कोणत्या हक्काने बदलतोय? दोनशे वर्षांनी मला फोटोत बरा दिसावा म्हणून? तो जसा होता तसा आपला वाटत नसेल, तर मग तो आपल्यासाठी मेला ते तरी कशाला सांगायचं?

बोर्ड रंगवताना गिऱ्हाईक म्हणेल ते लिहितो. 'शुद्ध तुपातली मिठाई' लिहा म्हणाला तर लिहिलं, तूप काही मी तपासलं नाही. तो धंदा आहे. पण इथे गिऱ्हाईक कोणी नव्हतं. मीच होतो.

दुसरा गोलंदाज खाली ठेवला.

सकाळी त्या पोराला फोन केला. म्हणलं, फेटे बदलणार नाही, टेबल आणायचं की नाही तू ठरव. तो चिडला नाही. थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "काका, मग लोकांना कळंल असं काहीतरी लिहा तरी." हे बरोबर होतं. माझं काम तेच. चार बाय तीनचा पत्रा घेतला आणि कितीतरी महिन्यांनी हाताने बोर्ड रंगवला. डावीकडे 'शिंदे-भोसले यांच्याकडून लढलेले', उजवीकडे 'कंपनीकडून लढलेले'. खाली प्रत्येक पलटण, तिच्यातली माणसं कुठल्या मुलखातली, किती. खाली एक ओळ : दोन्हीकडे मराठी स्वार होते.

टेबल गेलं. मुख्य दालनात नाही, मागच्या खोलीत. चालायचंच.

तीन दिवसांत काय झालं ते सांगतो. एक गृहस्थ आले, बोर्ड वाचला, मोठ्या आवाजात म्हणाले की असला इतिहास सांगायची गरज काय. त्यांनीच बहुतेक तो फोटो काढला. मी काही बोललो नाही. बोर्डावर चूक असेल तर दाखवा, आत्ता पुसतो, एवढंच म्हणलं. चूक नाही म्हणाले, पण गरज काय. असो.

दुसऱ्या दिवशी लष्करातून निवृत्त झालेले एक काका आले. टेबलाला चक्कर मारली आणि कंपनीच्या बाजूच्या मद्रास शिपायांपाशी थांबले. म्हणाले, "मद्रास रेजिमेंटचा बिल्ला बघितलाय का? त्यावर हत्ती असतो. तो असईचा हत्ती." मी वाचलं होतं, पण फौजी माणसाच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला. आज सीमेवर आपल्यासाठी उभी असलेली, आपल्याच सैन्यातली रेजिमेंट, आणि तिच्या बिल्ल्यावर आपल्या जिल्ह्यात शिंद्यांविरुद्ध मिळवलेल्या मानाची खूण. काकांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. म्हणाले, "त्यांचे शिपाई पण इमानानेच लढले ना. मालक चुकीचा होता."

मालक चुकीचा होता. मी दोन दिवस हेच डोक्यात घेऊन फिरलो. कंपनी राज्य गिळायला आली होती ह्यात मला शंका नाही. ३० डिसेंबर १८०३ ला सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि शिंद्यांचा केवढा मुलूख गेला. पण कंपनीला आत कोणी घेतलं? वसईला सही कोणी केली? हे विचारायचं तर बाजू दोनच रंगांत रंगवून भागत नाही. बापू गोखल्यांचंच घ्या. १८०० मध्ये धोंड्या वाघावरच्या मोहिमेत ते ह्याच वेलस्लीच्या सोबत होते. आणि १८१८ मध्ये अष्टीला इंग्रजांशी लढता लढता पडले. त्यांचा बाहुला केला तर चकतीची कड कुठल्या रंगाची करू, सांगा.

तिसऱ्या दिवशी सातवी-आठवीतली एक मुलगी आली. वहीत बोर्ड उतरवून घेतला. मग टेबलावर बघत विचारलं, "काका, ह्यात आपले कोणते?" तोच प्रश्न. मी काही म्हणायच्या आत तिने बोर्डाकडे बघितलं, परत टेबलाकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे गोरे सोडून सगळेच?"

मला एवढं छान लिहिता आलं नसतं बोर्डावर.

मग ती म्हणाली, "तरी पण मारामारी एकमेकांतच केली." आणि गेली पुढच्या किल्ल्याकडे.

आता जे मला 'इंग्रजधार्जिणा' म्हणतायत त्यांच्यासाठी शेवटचं. मला शिंदे जिंकलेलेच हवे होते. दर वेळी फासा टाकताना माझं मन काळ्या कडेकडेच असतं. पण खोटा फेटा घालून तो माणूस जास्त माझा होत नाही, उलट नाहीसा होतो. त्याच्या जागी मावशीकडचा गुलाबी तोंडाचा मावळा येतो, एका साच्यातला. महाराजांच्या काळातला मावळा तरी एका साच्यातला कुठे होता? तोही कुठल्यातरी गावचा, जातीचा, धर्माचा, घरी बायको-पोरं असलेला माणूस होता. एक-एकाचं नीट बघितलं तर जास्त आदर वाटतो, कमी नाही.

एक सुचवतो. पुढच्या दिवाळीला पोरांबरोबर किल्ला कराल तेव्हा मातीचे मावळे आणा, पण चार तरी घरी रंगवा. साधे ॲक्रिलिक रंग आणि बारीक ब्रश पुरतो. तोंडाचा गुलाबी रंग पुसून आपल्यासारखा करा. आणि रंगवताना पोराला विचारा, हा कुठल्या गावचा? काय करायचा लढाई नसताना? नक्की माहीत नसलं तर शोधायला लावा. एका मावळ्यामागे पोरगं चार गोष्टी वाचेल. पन्नास फ्लेक्स लावून तेवढं होत नाही. (हे फ्लेक्सवाल्याचा राग म्हणून लिहिलेलं नाही. बरं, थोडा आहे.)

पुढचं काम गाविलगड. डिसेंबर १८०३, हीच मोहीम, शेवटचा घाव. किल्ला मोठा आहे, थर्माकोल बराच लागेल, कोणाकडे टीव्ही-फ्रीजच्या खोक्यातला पडून असेल तर फेकू नका. भोकरदन-जाफराबादकडच्या मंडळींपैकी कोणाच्या घरी ह्या लढाईबद्दल आजा-पणजाकडून आलेलं काही ऐकीव असेल, तर दुकानात येऊन सांगा. लिहून ठेवीन.

आणि तो एक भगव्या फेट्याचा गोलंदाज अजून दुकानात गल्ल्याच्या वर आहे. रंग खरवडला तर खालचे पीळ जातील, म्हणून तसाच ठेवलाय. कोणी विचारलं की ही सगळी गोष्ट सांगतो.